कळपाच्या कडेने

2016 सालच्या जूनमधली ती सकाळ. अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेकडच्या एका उपनगरात, एका मॉर्मन मंदिराबाहेरच्या हिरवळीवर मी बसले होते. आत लग्न चाललं होतं. माझ्या शेजारी नवरीचा सख्खा भाऊ बसला होता. अंगात नवा सूट, पायात चकचकीत बूट आणि हातात माझ्या मुलीने दिलेलं अर्धं बिस्किट. बहिणीचं लग्न हाकेच्या अंतरावर लागत होतं, पण त्याला आत जायची परवानगी नव्हती. मला नव्हती, कारण मी हिंदू. त्याला नव्हती, कारण सात महिन्यांपूर्वी तो आपल्या चर्चमधून बाहेर पडला होता.

त्याची आई मात्र आत होती. तिच्याही मनात शंका होत्या, मुलाइतक्याच. तरी ती आत होती. ती आत कशी गेली, ही गोष्ट मला आज सांगायची आहे.

निमित्त झालं आपल्या मंडळातल्या गप्पांचं. गणेशोत्सवात आरतीनंतर युवा गटातली मुलं मांडवात बसली होती. बोलता बोलता एक मुलगी म्हणाली, "मावशी, ज्यातलं अर्धं आपल्याला पटत नाही, ते सोडूनच द्यावं ना सरळ? उगाच नाटक कशाला?" मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोलले आणि प्रसाद वाटायला उठले. हा लेख म्हणजे तिला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे.

आमचं घर इंदूरचं, चार पिढ्यांपासूनचं. नवऱ्याच्या नोकरीमुळे 2013 ते 2018 अशी पाच वर्षं आम्ही युटामध्ये होतो. मुलगी तेव्हा लहान. शेजारच्या घरात पंचावन्नच्या आसपासच्या एक बाई राहायच्या. मोठ्यांना नावाने हाक मारायची नाही ही आमची सवय, म्हणून मुलीला आम्ही 'काकू' म्हणायला शिकवलं. त्यांना तो शब्द इतका आवडला की पुढे त्या मला मेसेज पाठवतानाही खाली 'काकू' असंच लिहू लागल्या. त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही. "नाव सोडून बाकी सगळं लिही," असं त्यांनीच सांगितलं आहे.

काकूंच्या चर्चचं पूर्ण नाव द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. लोक त्यांना मॉर्मन म्हणतात. 2018 पासून त्यांच्या चर्चने पूर्ण नावाचाच आग्रह धरला आहे, पण आपल्याकडे हाच शब्द माहीत आहे, म्हणून मीही तोच वापरते. जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने 1830 साली न्यूयॉर्क राज्यात या चर्चची स्थापना केली. देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरचा मजकूर आपण भाषांतरित केला असं तो सांगायचा. तेच 'बुक ऑफ मॉर्मन'. 1844 साली जमावाने त्याला तुरुंगात गोळ्या घालून मारलं. त्यानंतर ब्रिगहॅम यंगच्या मागोमाग त्याचे अनुयायी बैलगाड्यांनी पश्चिमेकडे निघाले आणि 24 जुलै 1847 ला सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. आजही युटामध्ये त्या दिवशी सुट्टी असते, मिरवणूक निघते. बैल परवडत नव्हते ते लोक पुढच्या काळात हातगाड्या ओढत आले. काकूंची खापरपणजी अशीच हातगाडीमागे चालत आली होती. दिवाणखान्यात तिचा धूसर फोटो होता. आपल्याकडे देव्हाऱ्याशेजारी टाक आणि जुने फोटो असतात, साधारण तसंच त्या फोटोचं स्थान.

तिथे गेल्यावर सहाच महिन्यांत माझं ऑपरेशन झालं. घरी आले तर दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी कुणीतरी जेवण घेऊन दारात उभं. वॉर्ड म्हणजे त्यांचा मोहल्ल्यापुरता धर्मसमूह. तिथल्या बायकांच्या मंडळाला रिलीफ सोसायटी म्हणतात. 1842 पासूनची ही संस्था. काकूंनी तिथे कागद फिरवला होता: कुणी कोणत्या दिवशी काय न्यायचं. वर ठळक लिहिलं होतं, 'मांस नाही, अंडं नाही'. पंधरा दिवस मला स्वयंपाक करावा लागला नाही. धर्मात येण्याबद्दल एका शब्दानेही कुणी विचारलं नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे जे येणार आहे ते वाचून कुणाला वाटेल की अशा ठिकाणी माणूस राहतो तरी कशाला. ज्या बायकांनी मला जेवू घातलं, त्या सगळ्या त्या कागदावर होत्या. काकूंचा धर्म म्हणजे आधी ती माणसं.

मॉर्मन लोक चहा-कॉफी पीत नाहीत. पहिल्यांदा काकू घरी आल्या तेव्हा माझी पंचाईत झाली. मग आठवलं, खिडकीतल्या कुंडीत गवती चहा होता. आलं आणि गवती चहा उकळून, गूळ घालून दिला. आपण याला काय म्हणतो ते सांगितल्यावर त्या कप खाली ठेवू लागल्या. "नावात चहा आहे, पण यात चहा नाही," असं समजावल्यावर खूप हसल्या. त्यानंतर आमच्या गप्पा त्याच कपावर झाल्या.

2014 च्या हिवाळ्यात एकदा त्या आल्या आणि कप हातात धरून नुसत्याच बसून राहिल्या. त्यांच्या चर्चने अधिकृत संकेतस्थळावर आपल्याच इतिहासातल्या अडचणीच्या प्रश्नांवर निबंध प्रसिद्ध करायला सुरुवात केली होती. ऑक्टोबरमध्ये जोसेफ स्मिथच्या लग्नांवरचा निबंध आला. ब्रिगहॅम यंगच्या अनेक बायका होत्या हे मॉर्मनांच्या प्रत्येक पोराला माहीत असतं. 1890 साली चर्चने ती प्रथा अधिकृतपणे थांबवली हेही शिकवलं जातं. पण संस्थापक जोसेफबद्दल काकू लहानपणापासून त्याच्या एकाच पत्नीची गोष्ट ऐकत आल्या होत्या. बाकीचं सगळं म्हणजे शत्रूंनी उठवलेल्या कंड्या. आता त्यांच्याच चर्चने लिहिलं होतं की, काळजीपूर्वक केलेल्या अंदाजानुसार त्याच्या बायका तीस ते चाळीस होत्या. काहींचे आधीचे नवरे हयात होते. एक मुलगी तर पंधरावं वर्ष लागायलाही काही महिने बाकी असताना त्याच्याशी बांधली गेली.

"मी तीस वर्षं रविवारच्या शाळेत शिकवलं," काकू म्हणाल्या. "मुलींनी विचारलं तर मी सांगायचे, हे खोटं आहे. म्हणजे खोटं मी बोलत होते. मला ठाऊकही नव्हतं."

त्याआधीच्या डिसेंबरात वंशभेदावरचा निबंध आला होता. 1852 पासून 1978 पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना या चर्चमध्ये पौरोहित्याचा अधिकार नव्हता. एरवी तिथे बारा वर्षांच्या मुलालाही तो मिळायचा. त्या बंदीसाठी पूर्वी जी कारणं सांगितली गेली, ती आता चर्चने नाकारली. "मग शंभरावर वर्षं देवाचा आवाज म्हणून आम्ही काय ऐकत होतो?" काकू विचारत होत्या. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी कपात गवती चहा घातला.

2015 च्या वसंतात आम्ही झायन नॅशनल पार्क पाहायला निघालो, तेव्हा काकूही आमच्याबरोबर आल्या. वाटेत सेंट जॉर्ज गावाच्या उत्तरेला त्यांनी गाडी आडवाटेला घ्यायला लावली. शांत माळ होता, गवत, मधोमध दगडांचं स्मारक. जागेचं नाव माउंटन मेडोज. 1857 च्या सप्टेंबरात आर्कान्सातून कॅलिफोर्नियाकडे जाणारा प्रवाशांचा तांडा तिथे उतरला होता. स्थानिक मॉर्मन सैनिकांनी काही पायूट आदिवासींना हाताशी धरून तो तांडा वेढला. मग पांढरं निशाण दाखवून, सुखरूप नेतो असं सांगून, बाहेर काढून मारला. सुमारे एकशेवीस माणसं. सतरा लहान मुलं तेवढी वाचली. पुढे एकट्या जॉन ली नावाच्या माणसावर दोष ठेवून 1877 मध्ये त्याला तिथेच आणून गोळ्या घातल्या, आणि त्या भागातली माणसं पुढची कित्येक वर्षं याबद्दल बोलेनाशी झाली.

"हे गप्प बसणं मोडलं ते आमच्यातल्याच एका बाईने," काकू म्हणाल्या. तिचं नाव वानीटा ब्रूक्स. सेंट जॉर्जमधली शिक्षिका, श्रद्धाळू मॉर्मन, रिलीफ सोसायटीत पुढाकार घेणारी. पहिला नवरा तान्हं मूल मागे ठेवून गेला. नंतर दुसरं लग्न, मोठा संसार, घरभर मुलं. त्यातून वेळ काढून ती या हत्याकांडाचे कागद गोळा करायची. लेखनासाठी टंकयंत्र आणि त्याच्या शेजारी इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. दारात कुणी आलं की कपडे टंकयंत्रावर टाकायचे आणि इस्त्री करायला लागायचं. बाई भर दुपारी बसून लिहितेय हे गावाला खपलं नसतं. 1950 साली तिचं पुस्तक स्टॅनफर्ड विद्यापीठाने छापलं. तिचे स्वतःचे आजोबा त्या भागातल्या वसाहतकऱ्यांपैकी, त्यामुळे ती परक्यांबद्दल लिहीत नव्हती. तिला चर्चमधून काढलं नाही, पण आपल्याच लोकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. तरी ती चर्च सोडून गेली नाही. 1989 मध्ये वारली तेव्हाही ती मॉर्मनच होती.

तिच्या वडिलांची एक गोष्ट काकूंनी त्या माळावर सांगितली. वडील घोड्यावरून गुरं राखणारे. मुलगी फार प्रश्न विचारते हे पाहून ते तिला म्हणाले होते की, कळपाच्या मधोमध घोडा घातला तर गुराख्याच्या हातात काहीच उरत नाही, कळप नेईल तिकडे जावं लागतं. कळपाच्या समोरून उलटा आला तर तो तुडवला जातो. नुसता मागून चालला तर त्याचा उपयोग नसतो. जो कडेने चालतो, गातो, हाका घालतो, तोच कळपाला थोडंफार वळवू शकतो.

काकू इतकंच म्हणाल्या, "मी अजून मधोमध आहे. कडेला कसं यायचं ते मला कळत नाहीये."

2007 साली, हत्याकांडाला दीडशे वर्षं झाली तेव्हा, चर्चच्या एका वरिष्ठ नेत्याने त्याच माळावर जाहीरपणे खेद व्यक्त केला. दुसऱ्या वर्षी चर्चच्या इतिहासकारांनी स्वतः त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. वानीटाबाईंच्या पुस्तकानंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

काकूंना कडेला यायची वाट सापडली ती एका शब्दातून. मॉर्मन लोक महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास करतात. दोन वेळचं जेवण सोडतात आणि त्याचे पैसे गरजूंसाठी देतात. त्या दिवशी सभेत प्रवचन नसतं. ज्याला वाटेल त्याने उठून आपली साक्ष द्यायची. मी दोनदा गेले होते. आठ वर्षांच्या मुलीपासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत बहुतेक सगळे एकाच शब्दाने सुरुवात करतात: 'मला ठाऊक आहे'. मला ठाऊक आहे की हे चर्च खरं आहे. मला ठाऊक आहे की जोसेफ प्रेषित होता. लहान मुलांच्या कानात आई हळूच सांगते आणि मूल तेच माइकवर बोलतं. आपण नाही का मुलाला मांडीवर घेऊन शुभं करोति म्हणून घेत!

काकू वर्षभर उठल्याच नव्हत्या. त्या रविवारी उठल्या आणि म्हणाल्या, "मला ठाऊक नाही. माझी आशा आहे. देव आहे अशी माझी श्रद्धा आहे. या चर्चबद्दल जे सांगितलं जातं त्यातलं पुष्कळसं खरं असावं अशी आशा आहे. आणि तुम्ही माझी माणसं आहात, एवढं मात्र मला ठाऊक आहे."

सभेत कुणी काही बोललं नाही. नंतर बाहेर एक म्हातारे गृहस्थ हात हातात घेऊन म्हणाले, "माझंही असंच आहे. पण मी साठ वर्षांत म्हटलं नाही." आणि ज्या बाईंबरोबर काकूंनी वीस वर्षं मुलांना शिकवलं, त्यांनी त्या दिवसापासून फोन करणं बंद केलं. दोन्ही एकाच दुपारी घडलं. कडेला चालण्याची ही किंमत. ती काकूंनी माझ्यापासून लपवली नाही, म्हणून मीही लपवत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चर्चने नवा नियम केला. समलिंगी जोडप्यांच्या मुलांचा बाप्तिस्मा, जो एरवी आठव्या वर्षी होतो, तो अठरा वर्षांपर्यंत करायचा नाही. काकूंच्या मुलाने दोन वर्षं घरदार सोडून धर्मप्रचाराचं काम केलेलं, मनापासून. त्याचा जिवलग मित्र समलिंगी होता. मुलाने आठवड्याभरात राजीनाम्याचं पत्र पाठवलं. काकूंनी त्याला अडवलं नाही. "त्याचं पत्र वाचून मला वाटलं, हा माझाच मुलगा," त्या म्हणाल्या आणि मग खूप रडल्या.

मग जानेवारीत मुलीचं लग्न ठरलं.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. मॉर्मनांचं रविवारचं सभागृह सगळ्यांना खुलं असतं. मंदिर वेगळं. तिथे लग्न होतं ते या जन्मापुरतं नव्हे, मृत्यूनंतरही टिकणारं मानलं जातं. त्याला ते सीलिंग म्हणतात. आत जायला परवाना लागतो, खिशात मावेल एवढं कार्ड. दर दोन वर्षांनी आधी बिशपांसमोर आणि मग त्यांच्या वरच्या अधिकाऱ्यासमोर एकेकट्याने बसून ठरावीक प्रश्नांना उत्तरं द्यायची, तेव्हा ते मिळतं. श्रद्धा आहे का, प्रेषिताला मानता का, उत्पन्नाचा दहावा हिस्सा देता का, चहा-कॉफी-दारूपासून दूर आहात का. व्यवहारात प्रामाणिक आहात का, हाही प्रश्न त्यात असतो. कार्ड नसेल तर नवरीची आई असली तरी बाहेर बसायचं. आधी साधं कायदेशीर लग्न सगळ्यांसमोर करावं म्हटलं, तर अमेरिकेत त्या काळी सीलिंगसाठी वर्षभर थांबावं लागे.

काकूंचं कार्ड डिसेंबरात संपलं होतं. त्यांनी मुद्दामच नवं केलं नव्हतं.

"सगळेच हो म्हणतात," नात्यातल्या एकीने त्यांना सल्ला दिला. "पाच मिनिटांचं काम. लेकीच्या लग्नापेक्षा मोठं आहे का ते?" मला तो सल्ला चुकीचा वाटला नाही, खरं सांगते. मी असते तर हो म्हटलं असतं आणि मोकळी झाले असते. आपण कितीतरी ठिकाणी म्हणतोच. काकू दोन आठवडे झोपल्या नाहीत.

बिशपांची भेट मार्चमध्ये झाली. तिथे बिशपांना पगार नसतो, पाच-सहा वर्षं सेवा म्हणून काम करायचं. हे दातांचे डॉक्टर होते आणि काकूंच्या मुलांच्या दाढाही त्यांनीच भरलेल्या. देवावर श्रद्धा आहे का? काकू हो म्हणाल्या. पुढे चर्चबद्दलचा प्रश्न आला तेव्हा त्या थांबल्या.

"ठाऊक आहे असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "खरं असावं अशी आशा आहे आणि त्या आशेवर मी रोज वागते. याहून मोठा शब्द माझ्याजवळ नाही. तुम्ही पुढे मला विचारणार आहात की मी प्रामाणिक आहे का, म्हणून आत्ताच सांगून टाकते."

बिशप बराच वेळ टेबलाकडे पाहत बसले. मग म्हणाले, "आशा मला चालेल." आणि सही केली. वरच्या अधिकाऱ्याने अर्धा तास उलटतपासणी घेतली, सही त्यांनीही केली. दुसरे कुणी असते तर सही झाली नसती, हे काकू जाणून होत्या. मी विचारलं, "नसती झाली तर?" त्या म्हणाल्या, "तर हिरवळीवर तुझ्या शेजारी बसले असते. ते मी ठरवूनच गेले होते."

तर ती जूनची सकाळ. हिरवळीवर नवरीचा भाऊ मला म्हणाला, "आई तिथे कशी राहते, मला कळत नाही. मला तिथे श्वास घेता आला नसता." थोडा वेळ गेला. मग म्हणाला, "पण ती खोटं बोलून आत गेली नाही. एवढं मला पुरे आहे." माझी मुलगी त्याच्या बुटावर गवताच्या काड्या रचत होती.

दार उघडलं. नवरा-नवरी बाहेर आले. फोटोवाला सगळ्यांना पायऱ्यांवर बोलावू लागला. काकू मात्र पायऱ्या उतरून सरळ हिरवळीवर आल्या, मुलाला मिठी मारली आणि त्याचा हात धरून त्याला फोटोसाठी घेऊन गेल्या. तो फोटो आता त्या खापरपणजीच्या फोटोखाली आहे.

त्या उन्हाळ्यात त्यांनी चर्चच्या मुख्यालयाला पत्र लिहिलं. राग नव्हता त्यात. इतकंच लिहिलं होतं की लग्नाच्या दिवशी एका आईला एक मूल आत आणि एक मूल बाहेर ठेवावं लागलं, आणि देवाला हे आवडत असेल असं तिला वाटत नाही. उत्तर साधं, पोच मिळाल्याचं आलं.

2018 मध्ये आम्ही इंदूरला परतलो. 2019 च्या एप्रिलमध्ये चर्चने समलिंगी जोडप्यांच्या मुलांबद्दलचा तो नियम मागे घेतला. मे महिन्यात वर्षभर थांबण्याची अटही काढली. आता सगळ्या नातेवाइकांसमोर लग्न करून मग सीलिंग करता येतं. काकूंचा मेसेज आला: 'माझ्या पत्राने झालं असं मी म्हणत नाही. अशी पत्रं पुष्कळांनी लिहिली असणार. पण त्या ढिगात माझंही होतं.' मुलगा परत आला का, विचारलं. नाही आला. येणारही नाही. रविवारी जेवायला मात्र येतो.

आता माझ्या घरची गोष्ट. माझे वडील 2012 मध्ये गेले. त्यानंतरच्या संक्रांतीला नात्यातल्या एका घरी हळदीकुंकू होतं. आईला मदतीला बोलावलं होतं. तिळाच्या वड्या तिनेच थापल्या. बाहेर हळदीकुंकवाची तबकं फिरली तेव्हा आई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. कुणी तिला काही बोललं नाही, बोलायची गरजच नव्हती. मी त्या दिवशी ठरवलं, माझ्या घरी हळदीकुंकू कधीच होणार नाही. आणि मग आम्ही अमेरिकेला गेलो, त्यामुळे माझ्या निश्चयाची परीक्षाही झाली नाही. माझं सोडणं असं फुकटचं होतं.

2020 च्या संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं. सगळ्यांना बोलावलं, नवरा गेलेल्या बायकांना आधी. निमंत्रणातच तसं लिहिलं. मोठ्या मामी आल्या नाहीत, अजूनही येत नाहीत. शेजारच्या आजी आल्या, पण दाराशीच घुटमळल्या. मी पहिल्यांदा आईसमोर करंडा धरला. मला वाटलं होतं तिच्या डोळ्यांत पाणी येईल. तिने माझा हात धरून बाजूला केला.

"हळद लाव. वाण दे. कुंकू नको," आई म्हणाली. मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं: "अगं, चाळीस वर्षं मीच दुसऱ्या बायकांना वगळत आले. माझ्या सासूबाईंनासुद्धा. आता एका दुपारी हे कसं पुसू?"

हे मला अपेक्षित नव्हतं. मी आईला केवळ अन्याय सोसणारी समजत होते. मग तीस वर्षं शिकवलेल्या त्या मुलींसाठी कळवळणाऱ्या काकू आठवल्या.

2023 च्या संक्रांतीला आईने स्वतः करंडा उचलला आणि शेजारच्या आजींना कुंकू लावलं. आजींनी डोळे मिटून घेतले होते. आईने स्वतःला अजून लावून घेतलेलं नाही. मी आग्रह करत नाही.

तर मंडळातल्या त्या मुलीला माझं उत्तर. तू म्हणतेस ते नाटक मीही पाहिलं आहे आणि केलंही आहे. जिथे श्वास घेता येत नाही तिथून निघून जाणाऱ्याला मी कधीच कमी लेखणार नाही. काकूंचा मुलगा आईइतकाच प्रामाणिक आहे. पण राहणारा प्रत्येकजण नाटक करतो असं नाही. काही जण जेवढं खरं वाटतं तेवढंच बोलून राहतात, बाहेर बसायची तयारी ठेवून राहतात, आणि पत्र लिहितात. त्याला वेळ लागतो आणि त्यातलं बरंचसं आपल्या हयातीत दिसतही नाही.

एवढं वाचूनही तुला सोडावंसं वाटलं, तर सोड. संक्रांतीला मात्र ये. तुझं वाण वेगळं काढून ठेवते.